देवाचं कपाट

या भागात कुणी दान केलं की तो माणूस पहिल्यांदा माझ्या दुकानात येतो. कारेगावात हायवेला लागून माझं फ्लेक्सचं दुकान आहे, आणि इथं कुणी कुणाला पाण्याची बाटली जरी दिली तरी तिचा फ्लेक्स मी छापतो. वह्या वाटल्या, फ्लेक्स. झाड लावलं, फ्लेक्स. झाड उन्हाळ्यात वाळून जातं, फ्लेक्स पावसाळा काढतो. देणाऱ्याचं तोंड बैलाएवढं आणि ज्यांना दिलं त्यांचं नाव मुंगीएवढं, अशी डिझाईनची रीतच पडून गेली आहे. माझं घर त्याच्यावरच चालतं, म्हणून मी गप्प बसतो. पण खरं सांगायचं तर मला किळस येते. सकाळी मशीन सुरू केलं की शाईचा वास सुटतो आणि ती हसरी तोंडं कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश बाहेर येऊ लागतात, तेव्हा हातातला चहा नकोसा होतो.

या धंद्यात मला एकच गिऱ्हाईक मनापासून आवडायचं, आणि त्या गिऱ्हाइकानं माझ्याकडून कधी काही विकत घेतलं नाही. म्हाळसामावशी. कामगारांच्या खोल्यांमागं जी अंगणवाडी आहे तिथं ती मदतनीस. पोरं गोळा करून आणायची, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, संध्याकाळी झाडून काढायचं. माहेर वडगाव रासाईकडचं, धनगराच्या घरातलं. लहानपण बापाच्या मेंढरांमागं गेलेलं. त्यामुळे आवाज असा की तिनं अंगणवाडीच्या दारातून हाक मारली तर हायवेच्या पलीकडचं पोर चड्डी सावरत हजर व्हायचं. नवरा हनुमंत एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. तो जितका गरीब तितकी ही खमकी. दातांना सदा मशेरी, बोलणं सरळ अंगावर येणारं, आणि गरज पडली की खोटं बोलायला एक क्षण लागायचा नाही. शाळा चौथीपर्यंत, तीही जिथं कळप बसेल तिथली.

पहिल्यांदा ती दुकानात आली ती पदर खोचूनच. काउंटरवर हात टेकून म्हणाली, "नौशाद, चुकलेलं काय हाय का रं?"

मला कळेना. मग तिनं कोपऱ्यातल्या ढिगाकडं बोट केलं. छपाईत रंग फिसकटला, नावात चूक झाली, फोटो उलटा पडला की तो फ्लेक्स वाया जातो. असला माल मी कांदे झाकायला, छपराला लोकांना देऊन टाकायचो. मी म्हटलं, छप्पर गळतंय का. तर म्हणाली, सरपंचांनी न्यायला सांगितलंय. सरपंचांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं, हे मला नंतर समजलं.

तिला तो माल पोरांच्या बुडाखाली घालायला हवा होता, हे एक कारण. अंगणवाडीची फरशी थंड आणि सतरंजी उंदरांनी खाल्लेली. पण दुसरं कारण मी एकदा तिकडं गेलो तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. सगळी खोली फ्लेक्सनं अंथरलेली, आणि त्यावर पोरं ओणवी होऊन हातभर मोठ्या अक्षरांवरून बोटं फिरवत होती. वा वाढदिवसाचा. शु शुभेच्छांचा. भिंतीवरच्या तक्त्यात अ अननसाचा होता, पण अननस त्या खोलीत कुणी खाल्लेला नव्हता. वाढदिवसाचे फ्लेक्स मात्र पोरं रोज पाहत होती, आणि श्रद्धांजलीचेही. एवढी मोठी, एवढी ठळक अक्षरं त्यांच्या जगात दुसरीकडं कुठंच नव्हती. शिवाय फ्लेक्स फाटत नाही, त्यावर खिचडी सांडली तरी फडक्यानं पुसून निघते. बीडकडची, बिहारकडची, इथली, सगळी पोरं श्र म्हणायला शिकली ती श्रद्धांजलीवरून. मी पोट धरून हसलो. म्हाळसामावशी हसली नाही.

तिचे दोन नियम होते आणि ते पोरांनाही पाठ होते. चपला घालून अक्षरावर पाय द्यायचा नाही. आणि फ्लेक्सवर माणसाचं तोंड असेल तर तो भाग आधी खाली दुमडायचा. ती प्रत्येक फ्लेक्स अंथरताना आधी त्या तोंडाला हात जोडायची, "चुकलं माकलं माफ करा," असं पुटपुटायची, मग तोंड आत आणि अक्षरं वर. ज्यांना मी रोज शिव्या देत छापायचो त्यांनाही ती हात जोडायची. मी एकदा तिला त्यावरून चिडवलं. ती म्हणाली, कसाबी असला तरी माणसाचं तोंड हाय, पोरांच्या बुडाखाली नको.

आता त्या कपाटाकडं येतो.

त्या अंगणवाडीला एका कंपनीनं पुस्तकं दिली होती. लहान मुलांची, चित्रांची, गुळगुळीत कागदाची, खरोखर सुंदर पुस्तकं. खोटं कशाला बोलू. सोबत काचेच्या दारांचं कपाट. समारंभाचा फ्लेक्स अर्थात माझाच. फीत कापली, नारळ फोडला, फोटो निघाले, आणि जाताना कंपनीचे साहेब अंगणवाडीच्या सुषमाताईंना म्हणाले की वर्षानं आम्ही पाहायला येऊ, पुस्तकं अशीच्या अशी दिसली पाहिजेत. झालं. सुषमाताई बाई वाईट नाहीत, पण वरून कुणी काही विचारेल या भीतीनं त्यांना घास गिळत नाही. त्यांनी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. चार वर्षांच्या पोरांच्या हातात पुस्तक दिलं तर ते फाटणार, हे त्यांचं म्हणणं. ते खरंच होतं. फाटण्यासाठीच ते असतं, हे त्यांना कोण सांगणार?

दसऱ्याला त्यांनी कपाटाची पूजा केली. दारांना हळदीकुंकू, वर झेंडूची माळ. पोरांनी ते पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात जे बसायचं ते बसलं. दुसऱ्या दिवसापासून पोरं खोलीत शिरली की आधी कपाटासमोर उभी राहून हात जोडायची. ते देवाचं कपाट झालं. आमच्या घरातही पवित्र पुस्तक उंच जागी, कापडात गुंडाळून ठेवतात, डोळ्यांना लावतात. पण ते उघडतात, वाचतात आणि मग डोळ्यांना लावतात. नुसतंच डोळ्यांना लावण्याचा हा धर्म मी कारेगावात पहिल्यांदा पाहिला.

या पोरांत शाहिस्ता नावाची एक होती. बाप इनुस, टेम्पोवर ड्रायव्हर. हडकुळी, एका वेणीची रिबीन कायम सुटलेली, आणि म्हाळसामावशीच्या फ्लेक्सवरून पोर वाचायला शिकली. अडखळत, बोट ठेवत, पण शिकली. वाचता येऊ लागल्यावर तिची नजर काचेकडं गेली. पुढच्याच रांगेत एक पुस्तक उभं होतं. एसटीच्या सीटवर ऐटीत बसलेली शेळी, आणि वर नाव, ‘शेळीचं तिकीट’. ते नाव शाहिस्तानं काचेतून वाचलं, आणि त्या दिवसापासून तिला एकच ध्यास. ती शेळी कुठं निघाली? कंडक्टरनं तिला तिकीट लावलं का?

म्हाळसामावशी म्हणाली, लावलं असंल की, अर्धं. आम्ही मेंढरं ट्रकात घालायचो तवा पुरं लावायचे. ती रोज शेळीला नवीन गावाला न्यायची. कधी शिरूरच्या बाजारात, कधी भीमेपलीकडं दौंडला मामाच्या घरी. शाहिस्ता सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "पण पुस्तकात काय हाय?"

मग एक दिवस म्हाळसामावशी उठली. तिनं सुषमाताईंकडं किल्ली मागितली. मिळाली नाही. मी धुतलेल्या हातांनी, तुमच्यासमोर, तेवढं एकच पुस्तक दाखवते म्हणाली, तरी नाही. तेवढ्यात इनुसला दौंडच्या बाजूला कुरकुंभला काम लागलं आणि घर हलवायचं ठरलं. शाहिस्ता आता थोडेच दिवस इथं असणार होती. म्हाळसामावशी माझ्याकडं येऊन बसली, ती पहिल्यांदाच काही न मागता. मी म्हटलं, एवढंच ना, मी शिरूरहून तिला एक पुस्तक घेऊन देतो. तर माझ्यावरच डाफरली. म्हणाली, "इकत आणलं तर तिचं एकलीचं हुईल. ती समद्यांची म्हणून दिल्यात न्हवं? मग पोरास्नी का न्हाईत?" आणि मग हळू आवाजात म्हणाली की साहेब पाहणीला येणारेत, मी त्यांनाच विचारते. देणाऱ्यालाच सांगितलं तर तो न्हाई कसा म्हणंल.

तिचा देणाऱ्यावर विश्वास होता. माझा नव्हता, कारण मी त्यांची तोंडं छापतो.

पाहणीच्या दिवशी मी नवीन फ्लेक्स लावायला गेलो होतो, म्हणून हे सगळं माझ्या समोर घडलं. साहेब आले, बरोबर फोटोवाला, आणि बरोबर आमचे मच्छिंद्रशेठ. मच्छिंद्रशेठ म्हणजे ज्यांच्या खोल्यांत निम्मे कामगार राहतात ते. गावात काहीही वाटप असो, देणारा कुणीही असो, मच्छिंद्रशेठ फोटोत असतातच. लग्नातल्या हलगीसारखे.

सुषमाताईंनी कुलूप काढलं. साहेबांनी पोरांना म्हटलं, या, आवडेल ते पुस्तक घ्या. एकही पोर हललं नाही. साहेबांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा सगळी पोरं ओळीनं पुढं आली, कपाटासमोर उभी राहिली आणि त्यांनी हात जोडले. डोळे मिटून. शाहिस्तानंही जोडले. एक धिटुकलं पोर एवढं पुढं गेलं की त्यानं शेळीच्या पुस्तकाला बोट लावलं, ते बोट कपाळाला लावलं आणि मागं सरलं.

मला वाटलं, आता तरी या माणसाला समजेल. वर्षभर दिलेली वस्तू पोरांनी हातात धरलेली नाही, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

साहेबांचे डोळे भरून आले. "काय संस्कार आहेत," ते म्हणाले. "शहरातल्या मुलांना पुस्तकाचं हे मोल नाही." त्यांनी फोटोवाल्याला शाहिस्ताजवळ बोलावलं, तिची रिबीन स्वतः नीट केली, आणि तिला पुन्हा हात जोडायला लावले. फोटो नीट येईपर्यंत पुन्हा आणि पुन्हा. मी दाराबाहेर जाऊन थुंकून आलो.

आत आलो तेव्हा म्हाळसामावशी साहेबांसमोर उभी होती. हात ओले, पदराला पुसत. ती म्हणाली, "साहेब, पोरांनी ही पुस्तकं एकदाबी उघडली न्हाईत. कुलूप लावू नगा म्हनून सांगा तेवढं. फाटली तर फाटली."

सुषमाताईंचा चेहरा पांढरा पडला. साहेब मोठ्या प्रेमानं हसले. म्हणाले, आजी, पुस्तकं जपायलाच हवीत, पुढच्या मुलांनाही मिळाली पाहिजेत. आणि इतक्या लहान मुलांना कुठं वाचता येतं? आत्ता फक्त आदर रुजला पाहिजे.

"येतं की," म्हाळसामावशी म्हणाली. "शाहिस्ता, वाच गं."

तिला म्हणायचं होतं ते कपाटातलं पुस्तक. पण शाहिस्ताला देवाचं काढून वाचायचं सुचलंच नाही. तिला वाच म्हटलं की ती जे वाचायची तेच तिनं वाचलं. खाली वाकली, फरशीवरच्या फ्लेक्सवर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात सुरू केलं. "मच्‌-छिं-द्र-शे-ठ यां-ना वा-ढ-दि-व-सा-च्या भा-व-पू-र्ण श्र-द्धां-ज-ली."

ती चूक माझ्या दुकानातली. जुन्या श्रद्धांजलीच्या डिझाईनवर वाढदिवसाचं नाव चढवताना अर्धा मजकूर खालचाच राहून गेला होता. छापून झाल्यावर लक्षात आलं, दुसरा फ्लेक्स करून दिला, आणि हा चुकलेला म्हाळसामावशीकडं गेला. शेठचं तोंड तिनं नेमानं खाली दुमडलं होतं. अक्षरं वर होती.

एवढ्याशा पोरीनं जोडाक्षरांसकट एक ओळ वाचली होती. त्या खोलीतल्या एकाही मोठ्या माणसानं ते ऐकलं नाही. मच्छिंद्रशेठनं ऐकलं ते आपलं मरण. माझ्या नावावर पोरं बसवता, असं ओरडत त्यांनी फ्लेक्स ओढला, पोरं भेलकांडली. साहेबांनी विचारलं की हे घाणेरडं काय अंथरलंय, मुलांच्या आरोग्याला बरं नाही. मग शेठची माणसं आली. त्यांनी खोलीतला प्रत्येक फ्लेक्स उचलला आणि मागच्या मोकळ्या जागेत नेऊन पेटवला. काळा, तेलकट धूर निघाला, पोरं खोकत राहिली, आणि वाढदिवस, शुभेच्छा, श्रद्धांजली, सगळी बाराखडी वितळून एका गोळ्यात गेली. आरोग्यासाठी.

साहेब निघाले. जाताना पोरांना चॉकलेटं दिली आणि सुषमाताईंना सांगून गेले, किल्ली जपा. कपाटाला पुन्हा कुलूप बसलं. शेळी काचेमागं तशीच ऐटीत बसून राहिली. म्हाळसामावशीनं खिचडीचं पातेलं घासायला घेतलं. ते ती घासतच राहिली.

दोन दिवसांनी मला कंपनीकडून फ्लेक्सची ऑर्डर आली. मोठा, कारेगाव फाट्यावर लावायचा. एका बाजूला हात जोडून, डोळे मिटून शाहिस्ता. दुसऱ्या बाजूला साहेबांचं तोंड, त्याच्याशेजारी मच्छिंद्रशेठचं. मधोमध मजकूर, ‘मुलांच्या हाती पुस्तक, हाच आमचा ध्यास’. मी फोन करून सांगितलं की फोटोतल्या मुलीच्या हातात पुस्तक नाही. पलीकडचा म्हणाला, त्याचं काही नाही हो, भाव महत्त्वाचा. मी छापला. या खेपेला एकही चूक झाली नाही. रंग स्वच्छ, वेलांट्या जागच्या जागी. इतका खोटा फ्लेक्स इतका शुद्ध मी आजवर छापलेला नाही.

इनुस मात्र खूश होता. पोरीचा एवढा मोठा फोटो! तो फाट्यावर टेम्पो थांबवून मोबाइलवर फोटो काढून आला आणि दौंडच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवला. त्याला काय बोलणार? बापच तो.

घर हलवण्याच्या आदल्या दिवशी दुपारी फाट्यावरून फ्लेक्स गायब झाला. नुसती लाकडी चौकट उभी. मच्छिंद्रशेठचा मला फोन, कुणी काढला. मी म्हटलं वाऱ्यानं गेला असेल. पानही हलत नव्हतं. दुकान बंद करून मी सरळ म्हाळसामावशीच्या खोलीकडं गेलो.

दारापुढं पत्र्याच्या सावलीत तिनं तो अंथरला होता. अंगणवाडी सुटलेली पोरं त्यावर ओणवी होती. मध्ये शाहिस्ता, बोट ठेवून, "मु-लां-च्या हा-ती". इनुसच्या सामानाच्या गोण्या तिकडं टेम्पोत चढत होत्या. शाहिस्तानं मला पाहिलं आणि विचारलं, "चाचा, दौंडच्या अंगणवाडीत शेळीचं पुस्तक हाय का?" मी म्हटलं, असेल. असलं तर तिथंही कुलूप असेल, हे माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं.

मग माझ्या लक्षात आलं. फ्लेक्सची एकच बाजू दुमडलेली होती, शाहिस्ताच्या फोटोची. तिचे मिटलेले डोळे आणि जोडलेले हात नीट आत घेतले होते, कुणाचा पाय लागू नये म्हणून. साहेब आणि मच्छिंद्रशेठ मात्र उताणे, आभाळाकडं बघत हसत पडले होते. साहेबांच्या गालावर एक शेंबडं पोर मांडी घालून बसलं होतं.

मी अक्षरांना पाय लागू नये म्हणून सवयीनं चप्पल काढायला वाकलो. म्हाळसामावशी तांदूळ निवडत होती, तिनं वर पाहिलंही नाही.

"त्या अंगानं ये," साहेबांच्या तोंडाकडं मान हलवून ती म्हणाली. "चपला ऱ्हाऊ दे."